टॅबवरून फोटो जेपीजी करताना फॉर्म कुठं अडतो

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लाइन गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, म्हणून बरंचसं काम १० इंची अँड्रॉइड टॅबवर (४ जीबी रॅम) चालतं. पोरं आयफोनवर काढलेले फोटो आणतात, ते एचईआयसी (आयफोनचा फोटो साठवण्याचा फॉरमॅट) निघतात आणि फॉर्मला पाहिजे जेपीजी. नाव बदलून शेवटी डॉट जेपीजी केलं तरी 'इन्व्हॅलिड फाइल' येतं. ऑनलाइन कन्व्हर्टर उघडला तर नेटवर्क नसल्यानं तो अर्ध्यातच लटकतो. त्यात फोटो केबीच्या मर्यादेत बसत नाही आणि सहीचा चौकोन काळाकुट्ट येतो. हे सगळं टॅबवरच कसं उरकायचं?

आधी नाव बदलण्याचं पाहू, कारण निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. फाइलच्या अगदी सुरुवातीच्या काही बाइटमध्ये ती कोणत्या प्रकारची आहे याची खूण असते. पोर्टल आधी नाव पाहतं आणि मग ती खूण तपासतं. आत एचईआयसीची खूण दिसली की फाइल परत. पोत्यावर 'तूर' लिहून आत सोयाबीन भरलं तर बाजार समितीच्या काट्यापर्यंत जाईल, पण पोतं सोडल्यावर काय? नाव बदलणं फक्त एकाच ठिकाणी चालतं: डॉट जेपीईजी, डॉट जेएफआयएफ आणि डॉट जेपीजी ही एकाच फॉरमॅटची वेगवेगळी नावं आहेत. पोर्टलला जेपीजीच पाहिजे असेल आणि हातात जेपीईजी किंवा जेएफआयएफ असेल तर खुशाल नाव बदला. काही पोर्टलं मोठ्या अक्षरांतलं जेपीजीही नाकारतात, तेव्हा ते लहान अक्षरांत करून बघा. फाइलच्या नावात देवनागरी अक्षरं, मोकळी जागा आणि दोन-दोन टिंबं ठेवू नका. इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे एवढंच ठेवलं की ही कटकट संपते.

आता एचईआयसी येतं कुठून? ॲपलनं २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत हा फॉरमॅट आयफोनमध्ये आणला. तेवढाच फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत बसतो, म्हणून फोन आपणहून त्यातच साठवतो. सॅमसंगच्या काही फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो आणि कोणीतरी तो चालू करून ठेवलेला असतो. फोनवाला समोरच बसला असेल तर रूपांतराच्या मागं लागण्याआधी त्याच्या आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथं जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा आणि फोटो नव्यानं काढा. तो सरळ जेपीजीच येईल. आधी काढलेल्या फोटोंना मात्र हे सेटिंग लागू होत नाही.

दुसरा सोपा रस्ता व्हॉट्सॲपचा. आयफोनवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की टॅबवर तो जेपीजी होऊनच पोचतो. साध्या दर्जात त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते, एचडीत त्याहून बरीच जास्त. फॉर्मच्या पासपोर्ट फोटोला साधारण १६० ते २०० पिक्सेल रुंदी लागते, त्यामुळं १६०० सुद्धा रग्गड. अशा कामाला एचईआयसीशी झटापट करण्यात अर्थ नाही. कागदपत्रासाठी मात्र एचडी मागा, नाहीतर सातबाऱ्यावरचे बारीक आकडे फुटतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते, म्हणजे एचईआयसी असेल तर एचईआयसीच.

तरी एचईआयसीच हातात आली, तर टॅबवर दोन मार्ग आहेत. अँड्रॉइड ९ आणि पुढच्या बहुतेक टॅबवर ही फाइल निदान दिसते तरी. एखाद-दुसरा फोटो असेल तर गूगल फोटोज उघडा, 'एडिट'मध्ये जाऊन थोडं क्रॉप करा आणि 'सेव्ह कॉपी' करा. नवी प्रत जेपीजी होते आणि मूळ फाइल तशीच राहते. फोटो वरच्या बाजूला सरकवला की तपशील दिसतो. त्यात नव्या प्रतीचं नाव, पिक्सेल आणि आकार एकदा पाहून घ्या. सॅमसंगचा टॅब असेल तर गॅलरीच्या सेटिंगमध्ये शेअर करताना एचईआयसी बदलून पाठवण्याचा पर्याय असतो, तो चालू करून ठेवा.

रोज १०-२० फोटो करायचे असतील तर इमेज टूलबॉक्स हे मुक्त स्रोत ॲप टाका. ते प्ले स्टोअरवर आणि एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या भांडारावर दोन्हीकडं मिळतं, आणि रूपांतर टॅबमध्येच होतं, नेटवर्क लागत नाही. त्यात आकार आणि फॉरमॅट एकदम बदलणारं एक साधन आहे, आणि केबीची कमाल मर्यादा देऊन फाइल लहान करणारं दुसरं. दोन्ही लागतात. नेटवर्क चांगलं असलेल्या ठिकाणी, यवतमाळला किंवा दारव्ह्याला गेल्यावर, ॲप उतरवून एकदा चालवून बघा. गावात फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ॲप उतरवायला बसणं म्हणजे पाऊस आल्यावर बियाणं शोधायला निघणं.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल स्पष्टच सांगतो: आधार, पॅन, बँक पासबुक यांचे फोटो अनोळखी साइटवर चढवू नका. फोटो तिकडच्या सर्व्हरवर जातो आणि तिथं त्याचं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. गूगलच्या क्रोम टीमनं बनवलेलं स्क्वूश हे साधन वेगळं आहे. ते ब्राउझरमध्येच काम करतं, फाइल बाहेर जात नाही आणि एकदा उघडलं की नेटवर्क गेलं तरी चालतं. पीएनजी, वेबपी, एव्हिफ यांचं जेपीजी करायला ते उत्तम आहे. टॅबमधल्या क्रोमवर ते एचईआयसी मात्र उघडत नाही.

एक फसगत ओळखून ठेवा. रूपांतर केलेला फोटो अगदी धूसर आला तर त्याचे पिक्सेल बघा. ३२० × २४० असतील तर ॲपनं खऱ्या फोटोऐवजी आत ठेवलेला चिमुकला नमुनाफोटो उचललाय. एचईआयसीत मोठा फोटो तुकड्यातुकड्यांनी साठवलेला असतो आणि कच्च्या ॲपला ते तुकडे जोडता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे ॲप बदला.

आता केबीचं गणित. लोक थेट क्वालिटीची कळ खाली ओढतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटले की म्हणतात, कॅमेरा खराब आहे. जेपीजी हा फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारकावा टाकून देतो. क्वालिटी फार उतरवली की तेच चौकोन डोळ्यांना दिसू लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्रॉप, मग पिक्सेल, आणि क्वालिटी सगळ्यात शेवटी.

आयबीपीएसच्या बँक परीक्षांचं उदाहरण घेऊ. फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४०, २० ते ५० केबी. हातानं लिहिलेलं घोषणापत्र ८०० × ४००, ५० ते १०० केबी. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३.५ × ४.५ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) साधारण ४१३ × ५३१ पिक्सेल. तो सरळ २०० × २३० मध्ये कोंबला तर चेहरा रुंद होतो, कारण दोन्हींचं प्रमाण जुळत नाही. आधी २०:२३ या प्रमाणात क्रॉप करा. ४१३ रुंदीला ४७५ उंची ठेवायची, म्हणजे ५६ पिक्सेल काढायचे, आणि ते छातीकडून काढायचे. डोक्यावरची मोकळी जागा राहू द्या. मग २०० × २३० करा.

इथं नवीन माणूस उलट्या बाजूनं अडकतो. क्वालिटी ८० ठेवून साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीचा २०० × २३० चा फोटो बहुधा १०-१५ केबीचाच होतो. पोर्टल म्हणतं, २० केबीपेक्षा कमी चालणार नाही. अशा वेळी क्वालिटी ९५, नाही जमलं तर १०० करा. पिक्सेल ठरवून दिलेले असताना ते वाढवू नका. वरच्या बाजूला ५० केबीची मर्यादा असेल तर निशाणा ४५ चा धरा, कारण कोणी १००० बाइटला केबी धरतं, कोणी १०२४ ला.

आपले सरकार पोर्टलच्या नोंदणीचा फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच आणि ५ ते २० केबीचा लागतो. इथं ४:५ नं क्रॉप करून १६० × २०० केलं की ८५ च्या क्वालिटीलाही सहज बसतो. कागदपत्रांसाठी ७५ ते ५०० केबीची अट असते. अशा अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अपलोडच्या बटणाशेजारची सूचना दर वेळी वाचायची सवय ठेवा.

क्वालिटीचा आकडा टक्केवारी नसतो, हेही लक्षात असू द्या. एका ॲपचं ८० आणि दुसऱ्याचं ८० सारखं नसतं. फोटोला ८० ते ८५ पुरतं. ५० च्या खाली उतरायची वेळ आली तर समजा, पिक्सेल अजून कमी करायला पाहिजेत.

सही काळी येण्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही सारखीच दिसतात. पहिलं, सही पीएनजीत आहे आणि तिची पार्श्वभूमी पारदर्शक आहे. जेपीजीला पारदर्शकता ठाऊकच नाही, त्यामुळं ॲप त्या रिकाम्या जागी काळा रंग भरतो. शाईही काळी, झाला काळा चौकोन. रूपांतर करताना पार्श्वभूमीचा रंग पांढरा निवडायचा पर्याय असतो, तो वापरा. तो सापडलाच नाही तर सही पांढऱ्या पडद्यावर उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि तो क्रॉप करून जेपीजी करा. जुगाड आहे, पण १४० × ६० च्या कामाला चालतो.

दुसरं कारण सावलीचं. टिनाच्या छपराखाली ट्यूबलाइटमध्ये कागदावर टॅब धरला की टॅबचीच सावली सहीवर पडते, कागद राखाडी येतो आणि लहान केल्यावर आणखी काळपट दिसतो. ओसरीत दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न पडेल अशा जागी कागद ठेवा आणि टॅब थोडा वर धरून झूम करा. सही ७ × ३ सेंटिमीटरच्या चौकटीत करून घ्या, कारण १४० × ६० चं प्रमाण ७:३ च आहे; मग क्रॉप करताना ओढाताण होत नाही. चौकटीची रेघ क्रॉपमध्ये येऊ देऊ नका. काळ्या शाईचा पेन, पांढरा कोरा कागद. आणि आयबीपीएसला इंग्रजी मोठ्या अक्षरांतली सही चालत नाही, हे पोराला आधीच सांगा. नाहीतर फॉरमॅट बरोबर असूनही फॉर्म परत येतो.

कागदपत्राचं तंत्र फोटोहून निराळं आहे. ए४ कागद १५० डीपीआयला १२४० × १७५४ पिक्सेल होतो, २०० डीपीआयला १६५४ × २३३९. साध्या दाखल्याला पहिला पुरतो. बारीक छपाईला दुसरा घ्या. मजकूर असलेल्या कागदाची क्वालिटी उतरवली की अक्षरांभोवती मुंग्यांसारखे ठिपके येतात. त्याऐवजी रंग काढून ग्रेस्केल करा आणि क्वालिटी ७० च्या आसपास ठेवा. शाई आणि आकडे स्वच्छ राहतात आणि फाइल बहुधा ५०० केबीच्या आत येते. शिक्का रंगीतच दिसला पाहिजे अशी अट असेल तरच रंग ठेवा.

सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र फोटो काढायच्या फंदातच पडू नका. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महसूल विभागाच्या महाभूमी पोर्टलवरून १५ रुपयांत पीडीएफ मिळतो. ती पीडीएफच चढवा. तिचा जेपीजी केला की डिजिटल स्वाक्षरी गेली आणि उरला नुसता चित्राचा कागद. पोर्टल पीडीएफ घेत असेल तिथं हा नियम सगळ्याच डिजिटल दाखल्यांना लावा.

उलट फोटोची पीडीएफ करायची असेल तर अँड्रॉइडवर शेअर, प्रिंट, 'सेव्ह ॲज पीडीएफ' पुरतं. पण आधी फोटो लहान करा, नाहीतर ५ एमबीच्या फोटोची पीडीएफही मोठीच होते.

पीएनजी आणि वेबपीचं लवकर सांगून टाकतो. पीएनजी १९९६ चा, त्यात काहीच गाळलं जात नाही, म्हणून स्क्रीनशॉट, सही, बोधचिन्ह यांना बरा. कॅमेऱ्याचा फोटो पीएनजी केला तर ३-४ एमबीचा २० एमबी होऊ शकतो. खराब जेपीजीला पीएनजी केलं की दर्जा परत येईल अशी आशा ठेवू नका. जिनिंगमधून निघालेली रुई परत बोंडात जात नाही. वेबपी गूगलनं २०१० मध्ये आणला. ब्राउझरवरून जतन केलेली चित्रं बहुधा त्यात येतात. स्क्वूशमध्ये टाका, उजवीकडं जेपीईजी निवडा, उतरवून घ्या.

कास्तकारांच्या पिकाचे फोटो हा वेगळा विषय आहे आणि त्यात निष्काळजीपणा चालत नाही. ई-पीक पाहणीत फोटो ॲपमधूनच निघतो, तिथं रूपांतराचा प्रश्न येत नाही. पण वावरातल्या नुकसानीचा पुरावा म्हणून काढलेला फोटो, किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) रोग दाखवायला पाठवायचा फोटो, यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक म्हणजे रंग. आयफोन फोटो डिस्प्ले पी३ या जरा रुंद रंगपट्ट्यात साठवतो. रूपांतर करणाऱ्या ॲपनं रंगाची ती माहिती टाकून दिली तर सगळे रंग फिके पडतात. पऱ्हाटीवरचा लाल्या किंवा सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक अशा फोटोत सौम्य वाटतो, आणि समोरचा माणूस तेवढ्यावरच सल्ला देतो. रूपांतरानंतर मूळ आणि नवा फोटो शेजारी ठेवून पानाचा रंग जुळतो का बघा. जुळत नसेल तर एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात बदलणारं ॲप घ्या, किंवा गूगल फोटोजचाच रस्ता धरा.

दुसरी म्हणजे ठिकाण आणि वेळ. ही माहिती फोटोत एक्झिफ नावानं लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते. रूपांतराच्या ॲपमध्ये 'एक्झिफ ठेवा' अशी खूण बंद असेल तरीही जाते. अँड्रॉइड १० पासून तर ॲपला फोटोतलं ठिकाण वाचायची वेगळी परवानगी लागते. ती दिली नसेल तर बाकीचं एक्झिफ राहतं आणि ठिकाण तेवढं गळतं. पुराव्याचा मूळ फोटो कधीच हलवू नका, पुसू नका. टॅबवर 'मूळ' आणि 'तयार' असे दोन फोल्डर करा आणि रूपांतराची प्रत दुसऱ्यातच टाका. फॉर्मच्या पासपोर्ट फोटोत मात्र घराचं ठिकाण जायचं कारण नाही, तिथं एक्झिफ काढूनच टाका.

एक्झिफ गेलं की आणखी एक गंमत होते: उभा फोटो आडवा पडतो. फोन बऱ्याचदा पिक्सेल फिरवत नाही, 'हा ९० अंशांत फिरवून दाखवा' एवढी चिठ्ठी लिहून ठेवतो. चिठ्ठी हरवली की फोटो झोपतो. काही पोर्टलं तर ती असूनही वाचत नाहीत. गॅलरीत सरळ दिसतो आणि पोर्टलवर आडवा, असं झालं तर एडिटमध्ये जाऊन थोडं क्रॉप करून नव्यानं जतन करा. मग पिक्सेलच फिरतात. हे आकार बदलण्याच्या आधी करा. जेपीजी जितक्या वेळा एडिट करून जतन कराल तितका थोडा-थोडा झिजतो, म्हणून तयार प्रतीवर पुन्हा-पुन्हा हात फिरवू नका. चुकलं तर मूळ फाइलपासून सुरुवात करा.

आयपॅड असेल तर काम फारच सोपं. आयपॅडओएस १६ पासून फाइल्स ॲपमध्येच सोय आहे. फोटोजमधून 'सेव्ह टू फाइल्स' करा, फाइलवर बोट दाबून धरा, 'क्विक ॲक्शन्स', मग 'कन्व्हर्ट इमेज', जेपीईजी निवडा. आकार लहान, मध्यम, मोठा किंवा मूळ असा निवडता येतो आणि एक्झिफ ठेवायचं की नाही तेही तिथंच विचारलं जातं. नेमके २०० × २३० पिक्सेल मात्र तिथं मिळत नाहीत. त्याला शॉर्टकट्स ॲपमधलं आकार बदलण्याचं ॲक्शन लागतं.

४ जीबी रॅमच्या टॅबवर एकदम ढीग टाकू नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर २ एमबीचा दिसला तरी उघडल्यावर मेमरीत सुमारे ४८ एमबी घेतो, ४८ मेगापिक्सेलचा १९५ एमबीच्या आसपास. असे ४८ मेगापिक्सेलचे दहा फोटो एकत्र दिले की ॲप गपकन बंद पडतं आणि माणूस फाइल खराब आहे म्हणून बसतो. २०-२५ चे गट करा, मोठे फोटो ५-५ चे. पडदा चालू ठेवा आणि त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर पडदा विझला की अँड्रॉइड काम मध्येच थांबवतं. मेमरी कार्डवर थेट लिहू नका; आधी टॅबमध्ये तयार करा, मग कार्डावर हलवा.

मे महिन्यात ४५ अंशांत टिनाच्या दुकानात चार्जिंगला लावून रूपांतर केलं तर टॅब तापून संथ होतो, कधी चार्जिंगच थांबवतो. ॲपल तर आपली उपकरणं ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतं. ढीग असेल तो सकाळी उरका.

राहिली ती छपाईच्या दुकानातून आलेली फाइल. फ्लेक्सवाले बऱ्याचदा कोरल ड्रॉची सीडीआर फाइल किंवा छपाईच्या सीएमवायके रंगातला जेपीजी पाठवतात. सीडीआर टॅबवर नीट उघडायचा भरवशाचा मार्ग नाही. सीएमवायके जेपीजी उघडला तरी काही ॲपमध्ये रंग उलटेपालटे दिसतात आणि काही पोर्टलं तो घेतच नाहीत. त्यावर तासभर घालवण्यापेक्षा दुकानदाराला फोन करा आणि तीच फाइल पडद्याच्या आरजीबी रंगात, १५०० पिक्सेल रुंदीचा पीएनजी म्हणून मागा. त्याच्या कॉम्प्युटरवर ते एका एक्सपोर्टचं काम आहे.